चुंबक न धरणारा शाफ्ट

माझ्या हातचं काम कुणाला दिसत नाही. माणसं गाडीचा रंग बघतात, टायर बघतात, आत बसून गाणी मोठ्याने लावून बघतात. मी केलेली वस्तू मात्र गाडीच्या पोटाखाली चिखल खात फिरत असते. छत्तीस वर्षांत एकच गिऱ्हाईक असं भेटलं, ज्याने शाफ्टला क्रोमचा मुलामा मागितला. उल्हासनगरचा तरुण, नवी जीप, हौस दांडगी. मी विचारलं, "अरे, खाली वाकून कोण बघणार?" तो म्हणाला, "काका, गाडी पलटी झाली तर पब्लिक बघेल ना!" मी करून दिला. पब्लिकला तो अजून दिसलेला नाही, हे त्याचं नशीब.

शाफ्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी आमच्या घरच्यांना ते अजून नीट माहीत नाही. काही गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि जोर मागच्या चाकांना लागतो. ट्रक, जीप, जुन्या मोठ्या मोटारी. तो जोर पुढून मागे नेणारी, गाडीखाली गरागरा फिरणारी लांब पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तिच्या दोन्ही टोकांना बेरजेच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. चाकं खालीवर झाली तरी नळी फिरत राहते ती त्याच्यामुळे. माझं काम म्हणजे गाडीखाली झोपून माप घ्यायचं, नळी कापायची, टोकं वेल्ड करायची आणि मशीनवर फिरवून तिचा तोल बघायचा. जिथे हलकी असेल तिथे धातूची छोटी चकती जोडायची. तोल चुकला तर गाडीत बसलेल्या माणसाचे दात वाजतात.

कारखाना अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर एका गाळ्यात. आता तो माझा पुतण्या गणेश बघतो. मी शिरगावहून रोज जातो, खुर्चीवर बसतो आणि चुका काढतो. फक्त शनिवारी गणेश मला येऊ देत नाही. "काका, आठवड्यातला एक दिवस काकीला द्या," म्हणतो. पोरगा चांगला आहे, पण इतका चांगला कधीपासून झाला ते कळत नाही.

हल्ली गाड्या पळवायचं वेड वाढलंय आणि मोबाईलवर बघून येणारी पोरं पहिलाच प्रश्न विचारतात, "काका, स्टीलचा घेऊ की ॲल्युमिनियमचा?" जणू पहिला प्रश्न त्यांनीच विचारायचा असतो. पहिला प्रश्न माझा असतो, आणि तो इंजिनाबद्दल नसतो. मी विचारतो, "गाडी जाते कुठे?"

हा प्रश्न मी एका डॉक्टरांमुळे शिकलो. बदलापुरातले मोठे प्रेमळ डॉक्टर, त्यांनी जीपचं इंजिन वाढवून घेतलं होतं. त्यांना ॲल्युमिनियमचाच शाफ्ट हवा होता, कारण तो हलका. हलका शाफ्ट इंजिनाला फिरवायला सोपा जातो, गाडी चटकन उसळते, हे खरंच. पण ॲल्युमिनियमला दगड लागला की पोचा पडतो आणि पोचा पडलेली नळी जोर पेलत नाही. स्टील तसं नाही. स्टील मार खातं, फारच जोर आला तर पिळवटतं, कुरकुर करून आधी सांगतं आणि मग तुटतं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, "कच्च्या रस्त्याला जात नाही ना?" ते म्हणाले, "छे, फक्त हायवे." त्यांच्या बायकोसमोर म्हणाले, तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दर रविवारी हे गृहस्थ मित्रांबरोबर बारवी धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात, टोपलीएवढ्या दगडांवरून जीप चढवत होते. शाफ्टला पोचा पडला. तो त्यांनी माझ्याकडे आणायच्या ऐवजी घरच्या घरी लाकडी ठोकळा लावून ठोकला, वरून कळसुद्धा नये असा. पुढच्या रविवारी चढावर शाफ्ट मधोमध मोडला. जीप मागे घरंगळत जाऊन भाताच्या खाचरात बसली. कुणाला काही झालं नाही, पण आजूबाजूच्या पाड्यातली माणसं लावणी सोडून बघायला जमली आणि शेवटी बैलजोडीने जीप बाहेर ओढली. सोमवारी डॉक्टर शाफ्टचे दोन तुकडे चादरीत गुंडाळून माझ्याकडे आले. "बायकोला सांगू नका," एवढंच म्हणाले. पेशंट डॉक्टरशी खोटं बोलतात हे ऐकलं होतं, इथे डॉक्टर माझ्याशी खोटं बोलला होता. चूक अर्धी माझीही होती. मी प्रश्न विचारला होता, पण उत्तराची खातरजमा केली नव्हती. 

आता खरी गोष्ट सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वीची.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये किशनशेठचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, सगळं. माझ्याच वयाचे, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक चुंबक, दोऱ्याला बांधलेलं. त्यांच्या धंद्यात चुंबक म्हणजे कसोटी. भांड्याच्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हलक्या मालाला चिकटतं. गिऱ्हाइकासमोर डबा उपडा करायचा, चुंबक लावायचं, ते घसरून खाली पडलं की म्हणायचं, "देखो, असली माल!" ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. पुतण्याच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांच्या ताटाला चुंबक लावून बघितलं आणि ते चिकटलं. साखरपुडा टिकला, पण किशनशेठ त्या घरी अजून जेवत नाहीत.

त्यांना मुलगी एकच, रोशनी. शिकलेली इंजिनीअर, दिवसभर वडिलांच्या दुकानात बसते आणि बाकीचा जीव गाडीत. आजोबांची जुनी लांब नाकाची मोटार होती, मागच्या चाकांवर चालणारी. तिने त्यात मोठं जपानी इंजिन बसवलं. घाटापलीकडच्या एका ट्रॅकवरच्या शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. तयारी चालू असतानाच बदलापूर रस्त्यावर शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला. पुढचं टोक सुटलं आणि फिरत्या नळीने खालून पत्रा फोडला, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर. गाडी टोचन करून माझ्याकडे आणली तेव्हा किशनशेठ त्या भोकाकडे बघत उभे होते. चुंबक हातात होतं.

दुसऱ्या दिवशी रोशनी एकटीच आली.

"काका, सीन असा आहे, पप्पा म्हणतात स्टीलचाच बसव, नाहीतर गाडी विकून टाकतो. पण जुना तुटला तो स्टीलचाच होता ना? मला ॲल्युमिनियमचा एकच लांब पीस पाहिजे. तुम्ही बनवा आणि पप्पांना सांगा स्टीलचा आहे. त्यांना गाडीतलं काय समजतंय!"

मी म्हणालो, "बघू," आणि माझं 'बघू' म्हणजे हो असतं हे अख्ख्या अंबरनाथला माहीत आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी किशनशेठ एकटेच आले. खुर्ची माझ्या जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "बाळूभाऊ, लडकी मानती नहीं. स्टील तुटलं तर ॲल्युमिनियमचं काय होईल, तुम्हीच सांगा! आमच्या दुकानात ॲल्युमिनियमचा टोप पडला तरी वाकडा होतो. तुम्ही स्टीलचा बनवा, वरून चांदीचा रंग मारा आणि तिला सांगा ॲल्युमिनियम आहे. एक ही तो है, भाऊ."

त्यांनाही मी म्हणालो, "बघू."

दोघेही बरोबर होते आणि दोघेही चुकले होते. क्रॉस तुटला त्यात नळीच्या धातूचा काहीच दोष नव्हता. त्यात कित्येक महिने ग्रीस भरलं नव्हतं, कोरडा ठणठणीत झाला होता. पण बापलेकीने भांडण धातूवर आणून ठेवलं होतं आणि मधे मला बसवलं होतं.

मी रोशनीला फोन लावून माझा प्रश्न विचारला. "गाडी जाते कुठे? आणि खरं सांग, मागे एका डॉक्टरने मला फसवलंय." ती म्हणाली, "फक्त ट्रॅक, काका. पूर्ण डांबर, एकपण खड्डा नाही." एकही खड्डा नाही म्हटल्यावर हा रस्ता आपल्याकडचा नाही याची खात्री पटली. जागेवरून झटके देत सुटायचं असतं तर मी तिला स्टीलच दिलं असतं, कान धरून. पण तिला चढत्या वेगाने फेऱ्या मारायच्या होत्या. अशा वेळी लांब बारीक नळी जोरात फिरली की दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी मधून फुगायला बघते. म्हणून जुना शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, मधे बेअरिंग. ॲल्युमिनियमची नळी जाड घेराची करता येते, तरी वजन कमीच राहतं, आणि त्या गाडीखाली जागाही होती. एका तुकड्यात काम होणार होतं. माझ्या अकलेने सांगितलं ते हे, आणि ती मापं घ्यायला मी दोन वेळा गाडीखाली झोपलो.

म्हणजे रोशनीचं म्हणणं खरं निघालं. राहिला प्रश्न शेठचा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आणि कबूल करतो, मला गुदगुल्या झाल्या: शेठना चांदीच्या रंगाचा शाफ्ट हवा आहे. ॲल्युमिनियम मुळातच चांदीच्या रंगाचं. काहीच रंग न मारता तसाच ठेवला तर रोशनी म्हणणार, काकांनी ॲल्युमिनियम दिलं, आणि शेठ म्हणणार, वा, काय बेमालूम रंग मारलाय! एका शाफ्टमध्ये दोघांचंही समाधान. गणेशला सांगितलं तेव्हा तो हसत हसत स्टुलावरून पडला.

शाफ्ट झाला. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम मऊ पडतं म्हणून तो पुन्हा भट्टीत घालून आणला, तोल इतका नेमका साधला की मशीनचा काटा हलेना. आणि गाडीखाली मी पोलादाचे दोन जाड पट्टे बसवले, शाफ्टच्या भोवती कड्यासारखे, एक पुढे, एक मागे. उद्या काही तुटलंच तर नळी त्या कड्यात अडकून राहील, पोरीच्या पायापर्यंत येणार नाही. हे पट्टे कुणी मागितले नव्हते.

मग किशनशेठ माल बघायला आले. बाकावर शाफ्ट ठेवला होता, लखलखीत. शेठनी खिशातून चुंबक काढलं.

 रंगाचा विचार केला, चुंबकाचा केलाच नाही! शाफ्टचं पोलाद म्हणजे काही भांड्याचं स्टील नाही. त्याला चुंबक घट्ट धरतं, ओढूनच काढावं लागतं. ॲल्युमिनियमला ते चिकटायचं नावच घेणार नाही. गणेश पाने शोधायचं निमित्त करून मागच्या खोलीत पळाला.

शेठनी चुंबक नळीला लावलं. ते घसरून दोऱ्यावर लोंबकळलं. दुसरीकडे लावलं, तिथेही तेच. त्यांनी मान वर केली, आणि चेहरा खुलला.

"वाह! चुंबक धरतच नाही. एकदम असली स्टील! बाळूभाऊ, मान गये."

त्यांच्या भांड्यांच्या हिशोबाने ते अगदी बरोबर होतं. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. एका हाताने नळी थोडी उचलून बघितली त्यांनी, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, "पट्टे दाखवा." गाडीखाली वाकून पट्टे पाहिले, हाताने हलवून पाहिले, चहा घेतला आणि गेले. मागच्या खोलीत गणेश तोंडात फडकं कोंबून बसला होता.

दोन दिवस आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी मला जेवण जाईना. मस्करी ठीक आहे, पण त्या माणसाने मला सांगितलं होतं, एकच आहे. तो निर्धास्त झाला होता माझ्या खोट्यावर. उद्या काही झालं असतं तर चूक धातूची का माझी, हे कोण बघणार होतं? मी ठरवलं, जाऊन सांगायचं. उल्हासनगरला गेलो. दुकानात गर्दी. मला बघताच शेठ गिऱ्हाइकांना म्हणाले, "ये हैं हमारे भोईरसाहब! माझ्या मुलीच्या गाडीत असा माल टाकलाय, चुंबक लावा, धरणार नाही!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. एका बाईंनी हात जोडले. मी दोन डबे आणि एक झारा विकत घेऊन परत आलो.

शर्यतीच्या दिवशी शेठनी मला बरोबर नेलं. घरून दाल-पकवान आणलं होतं, डाळ ॲल्युमिनियमच्या टोपात आणि कडक पुरीसारखं पकवान स्टीलच्या डब्यात. ट्रॅकच्या कडेला आम्ही सतरंजी टाकून बसलो. रोशनी हेल्मेट घालून गाडीत बसली. गाड्या सुटल्या. मी गाडी बघत नव्हतो, ऐकत होतो. शाफ्टचं दुखणं कानाला आधी कळतं. पहिली फेरी, दुसरी फेरी. सरळ रस्त्यावर ती पूर्ण वेगाने आमच्यासमोरून गेली तेव्हा इंजिनाचा आवाज तेवढा आला, खालून घरघर नाही, थरथर नाही. माझा शाफ्ट असा फिरत होता की तो आहे हे कळत नव्हतं. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

रोशनी पाचवी आली. गाडीतून उतरून ती उड्या मारत होती, जणू पहिली आली.

किशनशेठनी टोपावरचं झाकण काढलं, मला डाळ वाढली. मग खिशातून चुंबक काढून त्यांनी टोपाला लावलं. ते पडलं. स्टीलच्या डब्याला लावलं. तिथेही पडलं.

"दोन्हीला धरत नाही, बाळूभाऊ," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी काय गवत विकतो?"

माझं पकवान हातातच राहिलं.

"मी तो उचलून बघितला तुमच्यासमोर. एवढी लांब नळी आणि एवढी हलकी? टोप कोणता, डबा कोणता, मला डोळे बांधून कळतो."

"मग शेठ, तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी ट्रॅककडे बघितलं. रोशनी दुसऱ्या पोरांना गाडीखाली वाकून काहीतरी दाखवत होती.

"पकडलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. बाप आहे ना मी. नाही पकडलं तर ती जाऊ शकते. आणि तुम्ही ते पट्टे लावले, कुणी न सांगता. ते बघितलं आणि म्हटलं, ठीक आहे, आता मला फसवा." मग हसून म्हणाले, "पर तुम्हारा चेहरा! चुंबक काढलं तेव्हा तुमचा चेहरा बघायला पाहिजे होता."

रोशनीला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ती अजून समजते की पप्पांना गाडीतलं काही कळत नाही. मीही सांगितलेलं नाही, आणि हे ज्या अंकात छापून येईल तो ती वाचत नसावी अशी आशा आहे.

 परतीच्या वाटेवर मला माझी मुलगी आठवत होती. सुरेखाने बारावीनंतर बीकॉमचा फॉर्म भरते म्हणून सांगितलं आणि गुपचूप आयटीआयचा भरला होता, टर्नरचा. टपालाने आलेलं आयटीआयचं पाकीट फोडून मी तो पकडला. मोठ्या ऐटीत पकडला, पाहुण्यांसमोर. तिला लेथवर उभं राहायचं होतं, माझ्यासारखं. मी म्हणालो, पोरींची जागा नाही ती. आज ती पुण्यात एका ऑफिसात हिशोब बघते, सुखात आहे. पण माझ्या कारखान्यात आली की मशीनवरून एकदा हात फिरवते आणि निघते. त्या दिवशी मी पाकीट न फोडता टेबलावर ठेवून चहाला गेलो असतो तर काय बिघडलं असतं? छत्तीस वर्षं तोल साधून दिला लोकांच्या गाड्यांचा, आणि घरात हे मला जमलं नाही.

सुरेखाची मुलगी मनवा आता कॉलेजसाठी आमच्याकडे शिरगावला राहते. दर शनिवारी सकाळी टॅलीच्या क्लासला जाते. गेल्या शनिवारी दुपारी परत आली, पाणी प्यायला तांब्या उचलला, तेव्हा मी बघितलं. दहाही नखांत काळं ग्रीस. डाव्या मनगटावर वेल्डिंगची ठिणगी लागल्याचा ताजा डाग. गणेशला मी आठवड्यातला एक दिवस काकीला द्यावा असं का वाटतं, ते मला त्या क्षणी समजलं.

"काय गं," मी विचारलं, "आज काय शिकवलं क्लासमध्ये?"

ती दचकली. "टॅली, आजोबा. बॅलन्सशीट."

"असं होय," मी म्हणालो आणि पेपर वर केला. "टॅलीचे डाग साबणाने जात नाहीत. मोरीत लाकडाचा भुसा ठेवलाय, त्यात थोडं रॉकेल घालून हात चोळ."